पुराव्यानिशी साडूभाऊ

माझे साडूभाऊ जितक्या वेळा रंगेहाथ पकडले गेले तितक्या वेळा उभ्या वर्धा जिल्ह्यात दुसरा कोणी पकडला गेला नसेल, आणि इतक्यांदा पकडला जाऊनही एकदासुद्धा सापडला नाही असाही दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही. आमचा जिल्हा दारूबंदीचा. त्यामुळे पकडणं आणि पकडलं जाणं या दोन्ही कलांना आमच्याकडे जुनी परंपरा आहे. दुधाच्या कॅनमधून, स्कूटरच्या डिक्कीतून, भाजीच्या पोत्यातून काय काय निघालेलं लोकांनी पाहिलं आहे. पण साडूभाऊंनी दारूच्या थेंबाला कधी बोट लावलं नाही. त्यांचा गुन्हा साखरेचा होता. चाळिशी उलटता उलटता त्यांना शुगर निघाली आणि त्या दिवसापासून त्यांच्या घरात गोडबंदी लागू झाली. कायदा करणाऱ्या, पाळत ठेवणाऱ्या आणि झडती घेणाऱ्या एकट्या ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. हल्ली आमची मुलगी सांगते की असं ढळढळीत पुराव्यासकट सापडण्याला इंटरनेटवर ‘फोर-केमध्ये सापडणं’ म्हणतात. म्हणजे चित्र इतकं स्वच्छ, की गुन्हेगाराला तोंड लपवायला जागा नाही. आमच्या वेळी फोर-के नव्हतं. ताई होत्या.

साडूभाऊ कारंजाचे, घाडग्यांच्या कारंजाचे. हायवेला लागून त्यांचं दुकान होतं. संत्र्याच्या बागांना लागणारे पाइप, फवारणीचे पंप, दोर, वॉशर असा माल. देह ऐसपैस, शर्ट पांढरा आणि मिशी अशी भरघोस, की तिच्यामुळेच पुढे त्यांची बरीच अडचण झाली. धंद्यात मात्र हा माणूस इतका सरळ, की गिऱ्हाइकानं पंपावर बोट ठेवलं की स्वतःच सांगायचा, “हा नको नेऊ बापा, याचं वॉशर दोन महिन्यात जाते.” उधारी असो, शब्द असो, कुणाची साक्ष असो, खोटेपणाचा वाराही नाही. मग गोडाच्या बाबतीतच हा सत्यवचनी माणूस एवढा कसा बदलतो, हे कोडं मला लग्नापासून पडलं होतं. मी पाटबंधारे खात्यातला माणूस. पाणी कुठून झिरपतं ते शोधण्यात माझा जन्म गेला. साडूभाऊंचं हे झिरपणं मात्र मला बरीच वर्षं शोधता आलं नाही.

पहिला गुन्हा माझ्या डोळ्यांदेखत घडला तो गोरसपाकाचा. वर्ध्याहून कुणाकडे जायचं तर गोरसपाक न्यायचा ही आमची रीत, आणि साजूक तुपातला हा गोड, बिस्किटासारखा पदार्थ असा भुसभुशीत, की तो पुरावा न ठेवता खाणं कुणालाच जमत नाही. मी पुडा ताईंच्या हातात दिला, त्यांनी तो कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली, आणि आम्ही हात-पाय धुऊन येतो तो साडूभाऊ पडवीत पेपर वाचत बसलेले, मिशी पिवळसर पिठानं भरलेली. कपाट उघडं. दुसरी किल्ली या माणसानं कधी करून घेतली होती ती त्यालाच ठाऊक. ताई समोर येऊन उभ्या राहिल्या.

“हे काय आहे मिशीले?”

“भुसा आहे. दुकानात गोणी झटकली.”

ताईंनी बोटानं मिशीवरचा एक कण उचलला आणि स्वतःच्या जिभेवर ठेवला. “भुसा गोड आहे?”

“यंदा तुरीचा भुसा गोडच आहे,” साडूभाऊ पेपरातून मान वर न करता म्हणाले. “कोणालेही विचार.”

मला वाटलं आता हसतील आणि कबूल करतील. छे! त्यांनी तो तुरीचा भुसा रात्रीच्या जेवणापर्यंत लावून धरला. पावसाचं मान, जमिनीचा पोत, जनावरं यंदा तो कशी चवीनं खातात, सगळं सांगितलं. ताई प्रत्येक मुद्दा खोडून काढत होत्या, हे नवा काढत होते, आणि भाजी करपल्याचा वास आला तेव्हा कुठे न्यायालय उठलं.

असे खटले मग मी कितीतरी पाहिले. मला त्यांच्यात गोडी वाटायला लागली. सुट्टी मिळाली की मी बायकोला म्हणायचो, चल, कारंजाला जाऊन येऊ. साडूभाऊंच्या नकाराला दर्जा होता. ते कधी चिडत नसत, शपथा घेत नसत, पुराव्याला हात लावत नसत. पुरावा जसाच्या तसा मान्य करून त्याचा अर्थ तेवढा बदलत. याचा उगम मला एकदा सापडल्यासारखा वाटला. तरुणपणी शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, त्यांची चुलत्याशी केस चालली होती आणि आर्वीच्या कोर्टात त्यांनी बरीच वर्षं चकरा मारल्या होत्या. तिथल्या वकिलानं त्यांना पढवलं असणार की काहीही दाखवलं तरी हो म्हणायचं नाही. मी हा सिद्धांत मोठ्या उत्साहानं बायकोला सांगितला. ती म्हणाली, “केस तर ते हरले होते.” मग तो सिद्धांत मी सोडून दिला.

पुढे मी हप्त्यानं एक कॅमेरा घेतला. त्या वर्षी एका ओळखीच्या शेतात रोडग्यांचं जेवण होतं. गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण, आणि शेवटी गुलाबजाम. मी झाडाआडून नेम धरला आणि साडूभाऊंचा हात पाकातला गुलाबजाम घेऊन तोंडाशी पोचला असतानाच बटण दाबलं. रोल धुऊन आला तेव्हा फोटो पाहून मी स्वतःवरच खूश झालो. गुलाबजाम, बोटं, उघडं तोंड, टपकता पाक, सगळं स्पष्ट. ताईंनी तो फोटो त्यांच्यापुढे धरला. साडूभाऊंनी चष्मा लावला, फोटो उजेडाकडे नेला, माझी पाठ थोपटली. “साडभाऊ, फोटो एक नंबर आला! पण मी तं हा परत ठेवून राह्यलो होतो.”

“तोंडातून?” ताई म्हणाल्या.

“तोंडापाशी गेला, तुही आठवण आली, परत ठेवला. फोटोत हात जाते का येते, हे कुठी दिसते?”

मी तो फोटो बराच वेळ निरखला, आणि खरं सांगतो, हात जातोय की येतोय ते मलाही ठरवता येईना.

हात कुठल्या दिशेनं चाललाय हे दाखवणारा पुरावा आम्हाला मिळाला तो माझ्या धाकट्या मेव्हणीच्या लग्नात. तेव्हा लग्नांत व्हिडिओवाला नवाच येऊ लागला होता. डोक्यावर दिवा घेतलेला एक माणूस त्याच्यापुढे चालायचा आणि त्या उजेडात जो सापडेल तो जेवता जेवता घास थांबवून कॅमेऱ्याकडे बघायचा. कॅसेट आल्यावर भाड्यानं व्हीसीआर आणला आणि सासरवाडीचं सगळं गोत सतरंजीवर बसलं. हळद झाली, मंगलाष्टकं झाली, पंगत आली. व्हिडिओवाला वरमाईचं जेवण टिपत होता आणि तिच्या मागे, कोपऱ्यात, आपण दिसतोय याची गंधवार्ता नसलेले साडूभाऊ एकामागून एक जिलब्या तोंडात टाकत होते. मग सगळ्यांच्या माना वळल्या. साडूभाऊ भिंतीला टेकून शांत.

“लावा, पुन्हा लावा,” ताई म्हणाल्या.

माझ्या मेव्हण्यानं कॅसेट मागं घ्यायला बटण दाबलं, पण चित्र बंद केलं नाही. पडद्यावर रेघा हलायला लागल्या आणि सगळं उलटं घडू लागलं. वरमाईच्या तोंडातून पुरी बाहेर आली. साडूभाऊंच्या तोंडातून जिलबी निघाली, अख्खी झाली आणि ताटात जाऊन बसली. मग दुसरी. मग तिसरी.

“पाहा!” साडूभाऊ गुडघ्यांवर उठून पडद्याकडे बोट दाखवत ओरडले. “पाहा बापा, डोळ्यानं पाहा! काढून राह्यलो मी! काढून ठेवून राह्यलो!”

त्यानंतर जे हसू फुटलं ते आवरेना. म्हातारे-कोतारे सतरंजीवर लोळले. माझी बायको पदर तोंडात कोंबून बाहेर पळाली. मीही डोळे पुसत होतो, तेवढ्यात ताई उठल्या. त्यांचा चेहरा मी पाहिला आणि माझं हसू तिथल्या तिथं थांबलं.

“हसा,” त्या म्हणाल्या. “बाबांचा पाय कापला तवा हसले होते का कोणी? मीच धूत होती ती पट्टी. तुमी कोणी नोयते तिथं.” आणि साडूभाऊंकडे वळून, “तुमाले मी जिलबीचं विचारून नाई राह्यली. एक बार नुसतं हो म्हणा, का मी खातो. डॉक्टरले खरं सांगता येईन. बाकी मले काही नाई पाह्यजे.”

माझे सासरे शुगरनंच गेले होते, आणि जाण्याआधी त्यांचा पाय गेला होता. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्या शेवटच्या वर्षात त्यांच्याजवळ होत्या त्या फक्त ताई. आम्हाला जो खेळ वाटत होता तो त्यांना कधीच खेळ वाटला नव्हता. साडूभाऊ हळूच म्हणाले, “पण कॅसेट तं तुह्यासमोरच होती.” ताई आत निघून गेल्या.

माझं कुतूहल त्या दिवसापासून जरा अवघडलं. एखाद्या माणसाला आपली बायको घाबरली आहे हे दिसतं, आणि तरी तो हो म्हणत नाही. का? साडूभाऊ निगरगट्ट नव्हते. ताईंचं डोकं दुखलं तर दुकान बंद करून घरी बसणारा तो माणूस. शुगर तपासायला वर्ध्याला यायचं असलं की मात्र आदले दोन दिवस ते ज्वारीची भाकर आणि कारल्याचा रस यावर राहत, हायवेच्या कडेनं मैल न् मैल चालत, आणि रिपोर्ट चांगला आला की तो सगळ्या घराला दाखवत. जन्मभर प्रत्येक पुरावा नाकारणारा माणूस हा एक पुरावा मात्र शर्टाच्या खिशात घेऊन हिंडायचा.

मग एका उन्हाळ्यात ते मोजे घालायला लागले. आमच्याकडे मे महिन्यात माणूस शर्टही नाइलाजानं घालतो, आणि हे घरात मोजे घालून हिंडताहेत. ताईंनी विचारलं तर म्हणाले, “पायाले ऊन लागते.” घरात? तर म्हणे फरशी तापते. ते दुपारी झोपलेले असताना ताईंनी मोजा ओढला. दुकानात पायावर लोखंडी पाइप पडून झालेली जखम करंगळीपासून वरपर्यंत काळी पडत चालली होती. त्यांना जाग आली, त्यांनी पायाकडे पाहिलं आणि म्हणाले, “शाई सांडली.” या वेळी ताई भांडल्या नाहीत. त्यांनी आम्हाला फोन केला, जीप केली आणि संध्याकाळच्या आत त्यांना वर्ध्याजवळच्या मोठ्या दवाखान्यात आणून भरती केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि बायको डबा घेऊन गेलो तेव्हा डॉक्टर बाई राऊंडला आलेल्या होत्या. त्यांच्यामागे शिकणाऱ्या पोरापोरींचा घोळका. सगळे साडूभाऊंच्या खाटेभोवती उभे, आणि साडूभाऊ उघडा पाय पुढे पसरून बसलेले. इतक्या लोकांनी एकाच वेळी त्यांच्याकडे पाहिल्याचं मी त्या कॅसेटनंतर प्रथमच बघत होतो.

“काका,” डॉक्टर बाई म्हणाल्या, “काल तुमच्या रक्ताची एक वेगळी तपासणी केली. ही फक्त आजची साखर नाही सांगत, मागच्या तीन महिन्यांची सांगते. दोन दिवस उपास करून ही फसत नाही. गोड खाता का?”

हात जातो की येतो, कॅसेट सुलटी की उलटी, सगळे प्रश्न मिटले होते. साक्ष द्यायला खुद्द त्यांचं रक्त उभं होतं.

“नाई जी,” साडूभाऊ म्हणाले.

“काका, खरं नाही सांगितलं तर औषध कसं ठरवू? पाय वाचवायचा आहे ना?”

“मशीन गरम झाली असन.”

मागे कुणीतरी पोरगं फिस्सकन हसलं, मग दुसरं. साडूभाऊंनी चादरीचं टोक हळूच पायावर ओढलं. ते मला बघवलं नाही. आणि तेवढ्यात उशाशी उभ्या असलेल्या ताई पुढे आल्या.

“मीच देतो त्याइले,” त्या म्हणाल्या. “त्याइचा काही दोष नाई. मी बनवतो अन् मीच वाढतो. त्याइले माहीतबी नसते का त्यात साखर आहे.”

माझ्या बायकोच्या हातातला डबा कलंडला. बहिणीला खोटं बोलताना तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. घोळका सगळा ताईंकडे वळला. डॉक्टर बाईंचा आवाज चढला. “तुम्ही? घरात शुगरचा पेशंट, आणि तुम्ही स्वतःच्या हातानं देताय? कळतं का तुम्हाला काय करताय ते?” ताई खाली मान घालून उभ्या राहिल्या. एवढी पोरं त्यांच्याकडे बघत होती, आणि त्या पदराची किनार बोटाभोवती गुंडाळत होत्या.

“खोटं आहे हे!”

साडूभाऊ इतक्या मोठ्यानं ओरडले की पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. “खोटं बोलून राह्यली! आदत नाई तिले, म्हून बरोबर जमलंबी नाई. मी खातो. मी! हिनं एक कण नाई देल्ला कधी. लपून खातो मी, मॅडम, लिहून घ्या.”

मग त्यांनी जे सांगायला सुरुवात केली ते थांबेचनात. सकाळचं फिरणं म्हणजे ढाबा होता. ट्रकवाल्यांबरोबर बसून तिथं ते खव्याची जिलबी खात. समोरच्या टेलरच्या शिवणयंत्राच्या खणात त्यांची सोनपापडी असे. दुकानातल्या फवारणीच्या कोऱ्या पंपाच्या टाकीत बर्फी असे, आणि एकदा चुकून तो पंप बर्फीसकट विकला गेला तर गिऱ्हाईक देव पावला म्हणून नारळ घेऊन आलं होतं. देवळातल्या पुजाऱ्याशी त्यांचं ठरलेलं होतं, प्रसादाचा शिरा नैवेद्य दाखवायच्या आधी एक वाटी इकडे. ताई तोंड उघडं टाकून ऐकत होत्या. इतकी वर्षं रात्रंदिवस पाळत ठेवून त्यांनी जे पकडलं होतं त्यातलं एकही या कबुलीत नव्हतं. सगळं नवंच होतं. मुलं भराभर लिहून घेत होती. शेवटी माझ्या बायकोला राहवलं नाही. “आणि भाऊजी, कॅसेटमधल्या जिलब्या?”

साडूभाऊंनी तिच्याकडे निर्मळ डोळ्यांनी पाहिलं. “त्या मी काढून ठेवल्या होत्या.”

औषध बदललं, इन्सुलिन सुरू झालं, करंगळी गेली. पाय राहिला. खरं आणखी आठ दिवस लपलं असतं तर घोट्यापर्यंत कापावा लागला असता, असं डॉक्टर बाई नंतर मला बाजूला घेऊन म्हणाल्या. दवाखान्याच्या पायऱ्यांवर मी ताईंना विचारलं, तुम्ही मध्येच असं का बोललात? “तेवढी सारी पोरं हसून राह्यली होती त्याइले,” ताई म्हणाल्या. “मी बोलीन घरी. मले हक आहे. लोकाइनं काऊन बोलावं?”

त्यानंतर साडूभाऊ बदलले. पुरते सुधारले. गोड सोडलं, इन्सुलिन स्वतः टोचून घेऊ लागले, आणि कुठे चमचाभर काही तोंडात गेलंच तर विचारण्याआधी सांगू लागले. हे बघायला मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला आनंद झाला. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा त्या घरात काहीतरी कमी आहे असं वाटलं. दोघं एकमेकांशी नीट बोलत होती, वेळेवर जेवत होती, आणि घर शांत होतं.

एका दुपारी मी गेलो असताना आम्ही दोघे पडवीत बसलो होतो. आत ताई आमच्याकडे पाठ करून टीव्हीवरची मालिका बघत होत्या. मी धीर करून, इतकी वर्षं मनात असलेलं विचारून टाकलं. पुरावा समोर असायचा, सगळ्यांना दिसायचा, मग तुम्ही कधी हो का म्हटलं नाही?

ते माझ्या बाजूला सरकले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “हो म्हटलं असतं तं गोष्ट संपली असती नं, साडभाऊ. नाई म्हटलं का थे बसे, भांडे, दिवसभर माह्यावर नजर ठेवे. मी उठलो का पाह्ये, बसलो का पाह्ये. लग्नाले इतके वर्षं झाल्यावर कोणती बायको नवऱ्याकडे एवढं पाह्यते, सांगा बरं?” मग आत एक नजर टाकून, “पण तिचा जीव इतका भिऊन राह्यला असन, हे मले दवाखान्यात समजलं. मजाक महागात पडला तिले.”

थोड्या वेळानं ते उठले, करंगळी नसलेल्या पायावर जरासा भार सांभाळत स्वयंपाकघरात गेले. मी बसल्या जागेवरून त्यांना पाहू शकत होतो. त्यांनी फळीवरून एक डबा काढला. त्यात फुटाणे होते, ते त्यांना चालत होते. त्यांनी झाकण उघडलं, काही घेतलं नाही, आणि झाकण डब्यावर चांगलं आपटून लावलं. मग जागीच उभे राहून कान दिला. टीव्हीचा आवाज चालूच होता. त्यांनी झाकण पुन्हा काढलं आणि पुन्हा आपटलं, जरा जोरात.

टीव्हीचा आवाज कमी झाला. “काऊन जी,” आतून ताईंनी विचारलं, “काय करून राह्यले तिकडे?”

साडूभाऊंचा चेहरा एकदम उजळला.

“काही नाई,” ते म्हणाले.